ओले लाकूड, वाळवी आणि व्यापाऱ्याची पुंजी

कापडाच्या धंद्यात माणूस चोराला भितो, आगीला भितो, उधारी बुडण्याला भितो. पण जी चोरी कुलूप न तोडता होते, तिच्याकडे फार थोड्या लोकांचे लक्ष असते. ही चोरी वाळवी करते. कोणी तिला उधई म्हणतात, आमच्या घरांत दीमक म्हणतात. नाव कोणतेही घ्या, काम एकच. रॅकची फळी बाहेरून जशीच्या तशी दिसते, तागा जसाच्या तसा दिसतो, आणि हात लावला की आतून माती निघते.

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील पेठा आपण पाहा. धाराशिव असो, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा किंवा नळदुर्ग असो, जुन्या पेठेतील कित्येक दुकाने आजही अर्धी जुनी आणि अर्धी नवी आहेत. पुढे सिमेंटचा गाळा आणि काचेचे दार, मागे दगडमातीची भिंत आणि माळवदाचे गोदाम. वरचा मजला घराचा, खालचा तिजारतीचा. अशा इमारतीत वाळवी शिरली तर माल, छप्पर आणि घर अशा तिन्हींचे नुकसान एकदम होते. दुकानाच्या विम्यात आग, पूर, चोरी यांची सोय असते. वाळवीने खाल्लेल्या मालाचे पैसे मात्र सहसा मिळत नाहीत, कारण हळूहळू होणारी झीज आणि किडीचे नुकसान पॉलिसीत वगळलेले असते. शंका असेल त्यांनी आपली पॉलिसी काढून वगळलेल्या बाबींचे पान वाचावे. म्हणजे हे नुकसान टाळणे एवढाच उपाय व्यापाऱ्याच्या हाती उरतो. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार माहिती देत आहे.

वाळवीला काय हवे असते?

वाळवीला दोन गोष्टी लागतात. एक सेल्युलोज आणि दुसरी ओल. सेल्युलोज म्हणजे झाडाच्या अंगातला मूळ पदार्थ. तो लाकडात आहे, कागदात आहे, पुठ्ठ्यात आहे, गोणपाटात आहे आणि सुती कापडातही आहे. म्हणून वाळवीच्या दृष्टीने कापडाचे दुकान आणि लाकडाची वखार यांत विशेष फरक नाही. पॉलिस्टर तिला पचत नाही. पण वाटेत आडवे आले तर ती त्यालाही भोक पाडून पुढे जाते, आणि भोक पडलेल्या साडीला ग्राहक नाही. ताग्याच्या मधली पुठ्ठ्याची फळी, गाठीवरचे गोणपाट आणि जुन्या खतावण्या ही तिची आवडती जागा. कित्येकदा ती आधी पुठ्ठा खाते आणि त्या वाटेने कापडात शिरते.

आपल्या भागात त्रास देणारी वाळवी बहुतेक जमिनीखाली राहणारी आहे. तिचे घर मातीत असते. शेताच्या बांधावर दिसणारे वारूळ हे त्याच घराचे वरचे टोक. तिचे अंग नाजूक असते, उघड्या हवेत ते लवकर सुकते. म्हणून ती मातीची अरुंद नळी बांधते आणि त्या नळीतून ये-जा करते. भिंतीवर, जोत्यावर किंवा चौकटीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ दिसली तर ती धूळ समजून पुसू नये. ती वाळवीची सडक आहे. ही सडक कोठून निघाली हे आधी पाहावे.

आपल्या काळ्या मातीचा स्वभावही वाळवीला मदत करतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्याबरोबर जोते हलते, फरशीला आणि भिंतीला बारीक तडे जातात. कागद शिरेल एवढी फट वाळवीला पुरते.

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा सडा दिसतो. ही वाळवीचीच पिढी आहे, नवे घर वसवायला निघालेली. हे किडे रस्त्यावरच्या दिव्याखाली दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. पण ते दुकानाच्या आतल्या तड्यातून निघत असतील तर वाळवी आधीच आपल्या छपराखाली राहत आहे असे समजावे.

आणखी एक ओळख हवी. लाकडातून पिठासारखी बारीक भुकटी गळत असेल आणि टाचणीएवढी गोल भोके असतील, तर तो भुंगा आहे, वाळवी नव्हे. वाळवी भुकटी टाकत नाही, ती पोकळी मातीने भरते. दोघांचा इलाज वेगळा आहे. जमिनीत औषध ओतून लाकडातला भुंगा मरत नाही.

तेरचे कापड आणि तेरची चौकट

आपल्या जिल्ह्याचे आणि कापडाचे नाते जुने आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील व्यापारी पुस्तकात तगरचे नाव आहे. तेथून साधे कापड आणि निरनिराळ्या प्रकारची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही येथील व्यापाऱ्याला सुती माल ओल आणि किडीपासून सांभाळावाच लागत होता.

त्याच तेरमध्ये उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट प्रसिद्ध आहे. जुन्या वास्तू पाहणाऱ्यांना लाकडाची एवढी जुनी वस्तू क्वचितच दिसते. लाकूड हा कच्चा माल आहे आणि तो टिकत नाही, असे आपण सहज म्हणतो, पण ते खरे नाही. चांगल्या झाडाचा पक्का गाभा असेल, तो नीट वाळवलेला असेल, मातीपासून वर असेल आणि त्याच्यावर पाणी मुरत नसेल, तर लाकूड पिढ्यान्पिढ्या टिकते. यांतली एक जरी अट मोडली तर तेच लाकूड पाच वर्षांत जाते.

माळवद आणि १९९३ चा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आपल्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव या गावांची नावे आजही त्या दिवसाशी जोडलेली आहेत.

त्या वेळी लोकांनी एकच निष्कर्ष काढला, की माळवद वाईट. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी मात्र एक वेगळी गोष्ट नोंदवली. माणसे दबली ती मुख्यतः दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींखाली आणि छपरावर दरवर्षी चढवलेल्या पांढऱ्या मातीच्या ओझ्याखाली. पण कित्येक घरांत भिंती बाहेर कोसळल्या तरी आतला खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला. म्हणजे ज्या घरात लाकूड निरोगी होते आणि सांधे मजबूत होते, तेथे लाकडाने छप्पर धरून ठेवले.

याचा आजच्या विषयाशी सरळ संबंध आहे. खांबाचा पाय वाळवीने खाल्ला असेल तर तो सांगाडा नुसता दिखाऊ आहे. भूकंपाची वाट पाहण्याचीही गरज नाही. चार दिवसांची झड लागली, माळवदाची माती पाण्याने जड झाली, की पोकळ तुळई मोडते. मराठवाड्यात झडीच्या दिवसांत जुनी घरे कोसळल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. त्यांत पाण्याएवढाच हात लाकडाच्या आतल्या पोकळीचा असतो.

जुन्या कारागिरांनी खांब कधी मातीत पुरला नाही. खाली घडीव दगडाचा तळखडा ठेवला आणि त्यावर खांब उभा केला. लाकूड कोरडे राहावे आणि वाळवीची नळी दगडावर उघडी दिसावी, असे दोन्ही फायदे त्यात होते. पुढे आपण काय केले? शहाबादी फरशी घातली. काही वर्षांनी तिच्यावरच मोझाइक, मग त्याच्यावर टाइल्स. प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंच वर आली, तळखडा गाडला गेला आणि खांबाचा पाय काँक्रीटमध्ये गुरफटला. आता ओल बाहेर पडत नाही आणि नळीही दिसत नाही. जुन्या दुकानात खांबाखाली तळखडा दिसत नसेल तर तेथे आधी तपासणी करावी.

तपासणी सोपी आहे. खांबाचा जमिनीलगतचा एक फूट, भिंतीत शिरणारी तुळयांची टोके आणि पन्हळाजवळचे लाकूड ही तीन ठिकाणे पाहावीत. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकले की भरीव आणि पोकळ आवाज लगेच कळतो. पोकळ वाटेल तेथे टोक दाबावे. सहज आत गेले तर त्या लाकडावर भरवसा ठेवू नये. खालून लोखंडी टेकू देऊन मगच पुढचे काम करावे. टेकू देण्याआधी कुजलेला भाग तासू नये.

ओले लाकूड का परवडत नाही?

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात पाणी भरपूर असते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्मे किंवा त्याहूनही जास्त पाणी असू शकते. वखारीत लाकूड घनफुटाने मिळते, पण ओल्या घनफुटाचे कोरडे घनफूट तेवढेच राहत नाही. सहा इंच रुंदीची ओली फळी वाळताना पाव इंचापर्यंत आकसते. दहा फळ्यांचा रॅक ओल्या लाकडाचा केला तर दिवाळीपर्यंत फटी पडतात, खिळे ढिले होतात आणि दार पिळते. त्यातून ओल्या लाकडावर ऑइल पेंट मारला तर पाणी आत कोंडते आणि बुरशी धरते.

पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले की लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही. दारे, रॅक आणि फर्निचर यांसाठी आपल्या कोरड्या हवेत १० ते १४ टक्क्यांचे लाकूड चांगले. हे मोजायला आता छोटे मीटर मिळतात. मीटर नसेल तर तराजू पुरतो. फळीच्या मधला लहान तुकडा कापून तोलावा. समजा तो १३० ग्रॅम भरला. १०० अंशांच्या किंचित वर तापलेल्या ओव्हनमध्ये तो वजन घटेनासे होईपर्यंत वाळवावा. आता १०० ग्रॅम भरला तर लाकडात ३० टक्के पाणी होते. व्यापाऱ्याला हा हिशेब नवा नाही.

लाकूड वाळवण्यासाठी उन्हात फेकून ठेवू नये. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते वरून झटकन वाळते, आतून ओले राहते आणि चिरते. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थराखाली एकसारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या देऊन थप्पी लावावी. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट लावावा, कारण पाणी टोकाने सर्वांत वेगाने निघते आणि चिरा तेथूनच पडतात. वर वजन ठेवावे.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. वाळलेले लाकूड वाळवी खात नाही, असे पुष्कळ लोक मानतात. जमिनीतली वाळवी आपली ओल स्वतः बरोबर आणते आणि कोरडे लाकूडही खाते. फरक एवढाच, की ओल्या लाकडात तिला पाण्यासाठी मातीत परतावे लागत नाही, त्यामुळे तेथे ती लवकर आणि खोल शिरते. म्हणून वाळवणे हा अर्धा इलाज झाला.

औषध पाजलेले लाकूड

उरलेला अर्धा इलाज म्हणजे लाकडाला औषध पाजणे. जगभर या कामी सर्वांत जास्त वापरले गेलेले औषध आपल्याच देशात तयार झाले, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या शास्त्रज्ञाने १९३३ च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधले. तांबे बुरशी रोखते, आर्सेनिक किडीला मारते आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्के बसवते. हे पाण्यातले औषध बंद टाकीत दाबाने लाकडात भरतात. 'आस्कू' या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि तारांच्या खांबांपासून घरांपर्यंत सर्वत्र गेले. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती कामासाठी त्याचा वापर थांबला आणि आर्सेनिक नसलेली तांब्याची औषधे आली.

असे लाकूड प्रक्रियेच्या टाकीतून निघते तेव्हा पाण्याने निथळत असते. ते पुन्हा वाळवावे लागते. घाईत तसेच वापरायचे असेल, विशेषतः उघड्यावरच्या कामाला, तर पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट, ओल्या फळ्या एकमेकींना भिडवून ठोकाव्यात. वाळल्या की फट आपोआप पडते. आधीच फट ठेवली तर ती दुप्पट होते. दुसरी, टोकाजवळ खिळा मारण्याआधी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर वाळताना लाकूड तेथेच फाटते. तिसरी, साधे लोखंडी खिळे वापरू नयेत. तांब्याचा क्षार आणि ओल मिळून लोखंडाला लवकर गंज आणतात. जस्ताचा जाड थर दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. चौथी, कापणे, रंधणे, भोके पाडणे हे सर्व औषध पाजण्यापूर्वी उरकावे. औषध सहसा बाहेरच्या थरातच असते. नंतर कापले तर आतले कोरे लाकूड उघडे पडते, आणि वाळवी नेमकी तेथून शिरते. कापावेच लागले तर कापलेल्या तोंडाला पुन्हा औषध लावावे. पाचवी, रंग किंवा पॉलिश लाकूड पूर्ण वाळल्यावरच.

सुतारांनी हातमोजे आणि तोंडाला फडके बांधावे. या लाकडाचा भुसा, ढलप्या आणि तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही जाळू नयेत. धूर आणि राख दोन्ही विषारी आहेत. जनावरांची गव्हाण, धान्याची कणगी किंवा पोळपाट यांसाठी असे लाकूड वापरू नये.

बाजारात औषध पाजलेले म्हणून काय मिळेल याचा नेम नाही. माझ्या गोदामासाठी एकदा हिरवट रंगाचे असे लाकूड आले. करवतीने कापल्यावर आत दोन मिलिमीटरनंतर कोरे पांढरे लाकूड होते. म्हणजे ते औषध ब्रशने वरवर फासले होते. माल परत गेला, त्या दुकानाचे नाव घेण्यात अर्थ नाही. आपण मात्र लाकूड घेताना एक तुकडा मधोमध कापून दाखवायला सांगावे. चोख माल देणारा याला नाही म्हणत नाही.

लहान कामासाठी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांचा स्वस्त इलाज आहे. ९५ लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवले की पाच टक्क्यांचे द्रावण होते. गंमत अशी, की हे औषध ओल्या लाकडातच चांगले उतरते, कारण ते पाण्याच्या वाटेने आत सरकते. ताज्या फळ्या द्रावणात बुडवून, निथळून, एकावर एक रचून प्लॅस्टिकखाली काही आठवडे झाकून ठेवाव्यात आणि नंतर वर सांगितल्याप्रमाणे सावलीत वाळवाव्यात. जाड लाकडाला द्रावण अधिक तीव्र लागते. लातूर-धाराशिव भागात बांबूची लागवड वाढत आहे. चिरलेल्या बांबूलाही आठवडाभर या द्रावणात ठेवून टिकाऊ करता येते. मात्र पावसात हे औषध धुऊन जाते, म्हणून ते घरातल्या आणि छपराखालच्या कामापुरतेच धरावे.

पॅकिंगच्या पेट्या फोडून केलेले पाईनचे रॅक आजकाल स्वस्त पडतात. त्यांवर 'एचटी' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ लाकूड निर्यातीपूर्वी गरम करून आतली कीड मारली, एवढाच आहे. पुढे वाळवी लागणार नाही अशी ती हमी नाही. तसेच प्लायवूड 'वॉटरप्रूफ' आहे म्हणजे वाळवीप्रूफ आहे असे नाही. ७१० नंबरच्या मरीन प्लायला मानकाप्रमाणे किडीचे औषधही द्यावे लागते, साध्या प्लायबद्दल मात्र बिलावर तसे लिहून घ्यावे.

नवे बांधकाम : खर्च थोडा, फायदा मोठा

दुकान नवे बांधत असाल तर वाळवीचा बंदोबस्त जोत्याच्या वेळीच करावा. भारतीय मानक ६३१३ मध्ये त्याची पद्धत दिली आहे. पायाचे चर, पायाशेजारची भरती आणि जोत्यातल्या भरावाचा वरचा थर या तीन ठिकाणी औषधाचे पाणी द्यायचे असते. भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर आणि पायाच्या भिंतीलगतच्या भरतीत दर चौरस मीटर भिंतीला साडेसात लिटर, असे प्रमाण आहे.

दहा बाय वीस फुटांचा गाळा धरा. क्षेत्र २०० चौरस फूट, म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. भरावाच्या थराला ९३ लिटर पाणी लागेल. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध लिटरला २.१ मिलिलिटर पडते, म्हणजे या थरासाठी २०० मिलिलिटरसुद्धा लागत नाही. लाखो रुपयांच्या गाळ्यात हा खर्च किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

काम पाऊस नसताना, माती चिंब नसताना करावे. औषध दिल्यावर लगेच काँक्रीट टाकावे. नंतर नळासाठी किंवा ड्रेनेजसाठी खोदले तर औषधाचा थर तुटतो, म्हणून पाईप आधी टाकून घ्यावेत. आणि सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, मेखा, सिमेंटच्या कागदी पिशव्या, झाडाची खोडे भरावात राहू देऊ नयेत. गवंडी हा कचरा जोत्यात ढकलून मोकळे होतात, आणि मालक पुढे वीस वर्षे वाळवीला मेजवानी देत राहतो.

जुनी इमारत

जुन्या दुकानात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर दर ३० सेंटिमीटरला, म्हणजे फुटाफुटावर, १२ मिलिमीटरची भोके पाडून प्रत्येकात एक लिटरपर्यंत औषध सोडतात आणि भोके सिमेंटने बुजवतात. वर धरलेल्या गाळ्याची घेरी ६० फूट, म्हणजे साठ भोके आणि साठ लिटर द्रावण. कंत्राटदाराने दहा लिटरचा एकच पंप फिरवला आणि काम झाले म्हटले, तर काम झालेले नाही. चौकटी आणि फळ्या यांना बारीक तिरकी भोके पाडून तेलातले औषध भरावे लागते. नुसती वरून फवारणी केली तर दिसणारी वाळवी मरते, मातीतली वसाहत तशीच राहते. नळी पुसली म्हणजे वाळवी गेली असेही नाही, ती शेजारून दुसरी नळी काढते.

पेठेत गाळ्याला गाळा लागून असतो. एकाने औषध केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर सामाईक भिंतीतून वाळवी पुन्हा येते. म्हणून चार-सहा दुकानदारांनी मिळून एकाच वेळी काम घ्यावे. दरही कमी पडतो. मशिदीत आणि मदरशात जुन्या किताबांची कपाटे, दऱ्या आणि लाकडी मिंबर असतात. जमातीच्या लोकांनी त्यांचीही पाहणी याच वेळी करावी. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले तरी निम्मा धोका कमी होतो.

औषधाबद्दल एहतियात

जुन्या पिढीला आल्ड्रिन आणि बीएचसी पावडर माहीत आहे. आल्ड्रिनवर १९९६ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये आपल्या देशात बंदी आली. कोणाकडे जुना डबा पडून असेल तर तो वापरू नये. क्लोरपायरिफॉस पुष्कळ वर्षे चालले, पण २०२५ मध्ये स्टॉकहोम करारात तेही काही सवलती ठेवून बंद करावयाच्या यादीत गेले. म्हणून काम देताना कोणते औषध, किती टक्के, किती लिटर हे कागदावर घ्यावे. कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना असलेल्या माणसालाच काम द्यावे आणि हमी लेखी घ्यावी. मोठ्या बांधकामांत दहा वर्षांची हमी घेण्याची पद्धत आहे.

विहीर, बोअर किंवा पाण्याच्या हौदाजवळ औषध सोडू नये. आपल्या कोरड्या जिल्ह्यात तर पाण्याचा एक झरा बिघडणे म्हणजे सगळ्या गल्लीचे नुकसान. औषधाचे पाणी शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. काम झाल्यावर दुकान उघडे ठेवून हवा खेळू द्यावी. कोणाला घाम, लाळ, उलटी, अंधारी असा त्रास झाला तर औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी घेऊन थेट दवाखाना गाठावा. गॅरेजमधले जळके ऑइल कापडाच्या दुकानात तर मुळीच वापरू नये. वास जात नाही, डाग पडतात आणि आग लागली तर ते तेलाचे काम करते.

व्यापारी बांधवांसाठी

शेवटी आपल्या रोजच्या शिस्तीच्या चार गोष्टी. गाठी जमिनीवर ठेवू नयेत, सहा इंच उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवाव्यात. लोखंडी रॅकवरूनही वाळवी नळी बांधून चढते, म्हणून रॅक भिंतीला चिकटवू नये. पाठीमागे बॅटरीचा उजेड जाईल एवढी जागा असावी. रिकामे पुठ्ठे, गोणपाट आणि जुन्या वह्या गोदामाच्या कोपऱ्यात साठवू नयेत. ज्या वह्या कायद्याने ठेवाव्या लागतात त्या पत्र्याच्या पेटीत, विटांवर ठेवाव्यात. सर्वांत खालचा आणि सर्वांत मागचा माल महिन्यातून एकदा जागचा हलवावा. न हलणाऱ्या मालावरच वाळवी बसते, आणि तसाही तो धंद्याला जड असतो. पन्हळाचे पाणी आणि कूलरचे पाणी भिंतीत मुरते का, हेही पाहावे. गळणारा नळ दुरुस्त केला तर वाळवीचे अर्धे औषध झाले.

हे सर्व करायला वर्षातून दोन दिवस पुरतात. एक मृगापूर्वी आणि एक दसऱ्याच्या साफसफाईत. वर्षाची शिलकी मोजताना आपण एकेक मीटर कापड मोजतो. त्याच वेळी हातात बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खांब, तुळया आणि रॅकचे पायही मोजणीत धरावेत. माल विकून नफा होतो, पण तो माल ज्या छपराखाली आहे ते छप्पर टिकले तरच पुढच्या हंगामाला दुकान उघडते.